चेंडू वर थांबतो तेव्हा

चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोहोचून तो क्षणभर थांबला. त्या क्षणी त्याचं त्वरण किती?

शिकवणीला नव्याने आलेल्या नववीच्या एका मुलीला मी हा प्रश्न विचारला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, "शून्य, काकू. थांबलाय ना तो!" ‘गतीचे नियम’ या धड्यावरच्या चाचणीत तिला वीसपैकी अठरा गुण होते. व्याख्या पाठ, गतीची तिन्ही समीकरणं पाठ.

"बरं. त्वरण म्हणजे काय?"

"वेगातल्या बदलाचा दर."

"तो दर जर शून्य असेल, तर पुढच्या क्षणी चेंडूचा वेग किती?"

"तेवढाच. शून्य."

"आणि त्याच्याही पुढच्या क्षणी?"

ती गप्प झाली. चेंडू छताला चिकटून बसलाय अशा नजरेने वर बघत राहिली. "म्हणजे मग तो वरच राहायला हवा... पण तो तर खाली येतो." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "खाली ओढणं वरतीसुद्धा चालूच आहे. मग तिथेही ९.८च."

या दोन-तीन मिनिटांत मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. व्याख्या तिची, चूक तिची आणि दुरुस्तीही तिचीच. माझ्या वाट्याला फक्त प्रश्न होते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षक कितीही जीव तोडून शिकवत असले, तरी प्रत्येक मुलापाशी थांबून अशी दोन मिनिटं देणं त्यांना जमत नाही. शिकवणीला ते जमतं. पण तिथेही तोच धडा त्याच शब्दांत पुन्हा सांगितला जात असेल, तर आपण पैसे मोजून वर्गच दुसऱ्यांदा विकत घेत असतो.

केंद्र सरकारच्या २०२५ मधल्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जातात. म्हणजे शिकवणी लावावी की नाही हा प्रश्न अनेक घरांपुरता मागे पडला आहे. तिथे काय घडलं म्हणजे भौतिकशास्त्र खरोखर समजतं, हे पालकांना, शिकवणाऱ्यांना आणि मुलांनाही ठाऊक हवं. हा लेख त्यासाठी.

मुलाचं स्वतःचं भौतिकशास्त्र

इतिहासाच्या तासाला मूल बसतं तेव्हा मराठ्यांच्या लढायांबद्दल त्याची स्वतःची काही ठाम मतं नसतात. भौतिकशास्त्राचं तसं नाही. चालायला लागल्यापासून मूल ढकलतंय, फेकतंय, पडतंय, चटके खातंय. त्यातून त्याने आपले नियम बसवलेले असतात: ढकलणं थांबलं की गाडी थांबते, जड वस्तू लवकर पडते, बल्बमध्ये वीज संपते, लोखंड थंड असतं आणि लाकूड गरम. हे नियम रोजच्या व्यवहारात चालतात, म्हणून ते घट्ट बसतात. हातगाडी ओढणाऱ्याला विचारा, तो न्यूटनच्या बाजूने साक्ष देणार नाही.

शाळेतला नियम मग या घरच्या नियमाच्या जागी बसत नाही, त्याच्या शेजारी बसतो. परीक्षेत एक आणि रस्त्यावर दुसरा. अमेरिकेतले डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल आणि गतीवरची एक प्रश्नपत्रिका प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळपास नाहीच, साध्या प्रसंगांवरचे पर्यायी प्रश्न आहेत. चुकीचे पर्याय मुद्दाम या ‘घरच्या नियमां’मधून घेतले आहेत. अवघड गणितं सोडवणारे विद्यापीठातले विद्यार्थीही त्या पर्यायांना भुलले. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी आपल्या वर्गाला ही चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची की मला मनापासून वाटतं तशी? आपलं शिकवणं उत्तम चाललंय असं समजणाऱ्या माझुर यांनी त्यानंतर शिकवण्याची पद्धतच बदलली.

म्हणून चांगल्या शिकवणीची सुरुवात धड्यापासून होत नाही, मुलाच्या डोक्यात आज काय आहे तिथून होते. आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

सांगणं कमी, विचारणं जास्त

वैयक्तिक शिकवणीचा विषय निघाला की शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचं नाव येतंच. १९८४ मध्ये त्यांनी मांडलं, की एकेकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण इतका मोठा नाही. शिवाय ब्लूम यांच्या प्रयोगातली एक गोष्ट जाहिरातींत कधी सांगितली जात नाही. तिथे एकास एक शिक्षक होता एवढंच नव्हतं. मधेमधे छोट्या चाचण्या होत्या, त्यात सापडलेली चूक दुरुस्त करून घेतली जायची आणि तो भाग पक्का झाल्यावरच पुढे जायचं, असा नेम होता. नुसता माणूस समोर बसवून हा परिणाम येत नाही.

दुसरा अभ्यास मिशेलिन ची यांच्या गटाचा, २००१ मधला. विषय होता रक्ताभिसरण, विद्यार्थी आठवीचे. काही शिकवणाऱ्यांना त्यांनी समजावून सांगायलाच बंदी घातली. ‘म्हणजे काय?’, ‘मग पुढे काय होईल?’ एवढंच विचारायची मुभा. तरीही ती मुलं, भरपूर समजावून सांगितलेल्या मुलांइतकंच शिकली. म्हणजे शिकवणाऱ्याच्या लांबलचक विवेचनाने मुलांचं जितकं साधत होतं, तितकं मुलांच्या स्वतःच्या बोलण्याने साधलं.

व्हिडिओबद्दलही इथेच सांगून टाकते. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात याच विषयावर संशोधन केलं. नेटकं, सोपं स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ मुलांना आवडला, समजल्यासारखंही वाटलं, पण चाचणीत फारसा फरक पडला नाही. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत मांडून तिची चिरफाड केली होती, तो मुलांना गोंधळाचा वाटला आणि शिकली ती त्यातूनच. ‘सर फार छान समजावतात’ हे प्रशस्तिपत्र म्हणूनच अर्धवट आहे. सरांना छान समजलंय एवढंच त्यातून सिद्ध होतं.

एका तासाची आखणी

माझा तास साधारण असा चालतो. घरी शिकवणाऱ्या ताई-दादांनी, किंवा स्वतःच मुलाला घेऊन बसणाऱ्या आईवडिलांनी, यात हवा तसा बदल करावा.

पहिली दहा मिनिटं मूल बोलतं. मागच्या वेळचा मुद्दा वही न उघडता सांगायचा, शक्यतो आकृती काढत. अडखळेल तिथे मी मदत करत नाही, फक्त जागा टिपून ठेवते. आजचं काम तिथेच सापडतं.

पुढची पंधरा मिनिटं एका प्रसंगाची. आधी अंदाज, मग पाहणी, मग कारण, हा क्रम मोडायचा नाही. अंदाज कागदावर लिहून घ्यायचा. न लिहिलेला अंदाज पाहणीनंतर सोयीने बदलतो आणि "मला तेच म्हणायचं होतं" असं ऐकायला मिळतं. लिहिलेला अंदाज चुकला की मूल खरंच चकित होतं, आणि चकित झालेलं मूल ऐकायला तयार असतं.

त्यानंतर अर्धा तास उदाहरणं, पण मोजकीच. तीन उदाहरणं नीट उकलली तर भरून पावले. शेवटची पाच मिनिटं मुलाने आज स्वतःची कोणती समजूत बदलली ते एका वाक्यात लिहायचं. ‘मला वाटायचं..., आता कळलं...’ अशी ती वाक्यं वर्षभरात साठतात. परीक्षेच्या आधी उजळणीला याहून चांगली वही नाही.

एक पथ्य शिकवणाऱ्यासाठी. प्रश्न विचारल्यावर गप्प राहायचं. मनातल्या मनात दहा अंक मोजायचे. ती शांतता आपल्यालाच खुपते, मुलाला नाही. ते विचार करत असतं.

तीन प्रयोग, खर्च नगण्य

कॅरम. बोर्डावर पावडर न टाकता स्ट्रायकर मारायला सांगा. तो वीतभर जाऊन अडखळतो. आता विचारा, "बोटातून सुटल्यावर स्ट्रायकरला पुढे कोण ढकलतंय?" बहुतेक मुलं म्हणतात, "मी मारलेला जोर त्याच्यात शिरलाय. तो संपला की स्ट्रायकर थांबतो." ही समजूत बाळबोध म्हणून उडवून लावू नका. न्यूटनच्या आधी कित्येक शतकं विद्वान असंच मानत होते. मग पावडर टाका आणि तेवढ्याच जोराने मारायला सांगा. स्ट्रायकर सुसाट जातो. "जोर तोच, मग जास्त लांब कसा गेला?" इथे मूल घर्षणाचं नाव घेतं. मग शेवटचा प्रश्न, "पावडर याहून भारी असेल, आणखी भारी, आणि बोर्डाला कडाच नसतील तर?" उत्तर येतं, "थांबणारच नाही." झाला न्यूटनचा पहिला नियम, मुलाच्याच तोंडून. सतराव्या शतकात गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून मनाशी हाच विचार पुढे नेला होता, हे आता सांगितलं तर ते लक्षात राहतं.

मग एसटीतला झटका काढायचा. ब्रेक लागला की आपल्याला पुढे कोण ढकलतं? कुणीच नाही. बस थांबली, आपण आपल्या वेगाने जात राहिलो.

सेल आणि बल्ब. एक सेल, विजेरीचा एक छोटा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि वायरचा एक तुकडा मुलासमोर ठेवा. एलईडी नको, ती उलटी जोडली तर पेटत नाही आणि एका सेलवर बहुधा पेटणारही नाही. "पेटव," म्हणा. होल्डर नाही, दुसरी वायर नाही. दहावीच्या धड्यातली परिपथाची आकृती सुबक काढणारी मुलंही बल्बचं बूड सेलवर टेकवून वाट बघत बसतात. बल्बलाही दोन टोकं असतात, एक बुडाशी आणि एक धातूच्या कडेला, हे त्यांनी कधी निरखलेलंच नसतं. दोन्ही टोकं सेलच्या दोन बाजूंना जोडली गेली की बल्ब पेटतो आणि ‘बंद परिपथ’ या शब्दाला अर्थ येतो. एक सूचना: सेलची दोन टोकं नुसत्या वायरने जोडून धरू नका, वायर तापते. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या बटणाला-प्लगला या प्रयोगात हातही लावायचा नाही.

मग दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकसरीत. अंदाज लिहून घ्या. कोणता बल्ब जास्त उजळेल? "पहिला. कारण दुसऱ्यापर्यंत करंट कमी उरतो." दोन्ही सारखेच उजळतात. करंट वाटेत खर्च होत नाही हे डोळ्यांना दिसलं, पण पटायला दाखला लागतो. मी सायकलच्या साखळीचा देते. पेडल मारल्यावर साखळीच्या कड्या चाकापाशी संपतात का? जेवढ्या जातात तेवढ्याच परत येतात. तरी पायाची ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते. करंट म्हणजे साखळीचं फिरणं, खर्च होते ती ऊर्जा. दाखला कुठे अपुरा पडतो तेही मुलाला शोधायला लावा. साखळी तुटली की कड्या खाली लोंबतात, वायर तुटली की इलेक्ट्रॉन सांडत नाहीत. दाखल्याची हद्द कळणं हा समज वाढल्याचाच भाग.

भिंग. दिवसा खोलीत अंधार करून खिडकीसमोरच्या भिंतीवर वाचायच्या भिंगाने खिडकीची उलटी प्रतिमा पाडा. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर काय दिसेल? "अर्धी खिडकी जाईल." झाका. खिडकी पूर्णच दिसते, फक्त फिकी. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासूनचे किरण सगळ्या भिंगातून येतात, हे किरणाकृतीत मुलांना दिसत नाही. तिथे आपण सोयीसाठी दोन-तीनच किरण काढतो आणि मुलं समजतात की किरण तेवढेच.

प्रयोगाचं साहित्य नसेल तर ‘फेट’ या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संगणकीय प्रयोगांमध्ये विद्युत परिपथ, घर्षण, भिंगं असं बरंच काही फुकट मिळतं, त्यातले कित्येक मराठीतही आहेत. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांचं काम तर पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान शोधिकेमुळे आपल्या ओळखीचं आहे. पण जे हाताने करता येतं ते आधी हातानेच करावं.

शब्दांचा घोळ

मराठीत ताकद, जोर, बल, शक्ती हे बोलताना एकच. पाठ्यपुस्तकात मात्र बल वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा तिसरीच. ‘काम’ आणि ‘कार्य’ही तसंच. दप्तर खांद्यावर घेऊन बसथांब्यावर अर्धा तास उभं राहिलं, तर दप्तरावर कार्य किती? शून्य, कारण विस्थापन नाही. मूल हमखास विचारतं, "मग दमायला का होतं?" चांगला प्रश्न आहे, टाळू नका. स्नायू ताणलेले ठेवायला शरीर आतल्या आत ऊर्जा खर्च करत असतं, ती दप्तराला मिळत नाही.

‘वजन’ तर रोज फसवतं. वाण्याकडे आपण वजन किलोत मागतो, पुस्तक म्हणतं वजन न्यूटनमध्ये. ५० किलो वस्तुमानाच्या मुलाचं पृथ्वीवरचं वजन सुमारे ४९० न्यूटन. चंद्रावर हाच आकडा साधारण सहावा हिस्सा होतो, पण मूल तेवढंच राहतं. या शब्दांची दोन रकान्यांची यादी करा, एका बाजूला बाजारातला अर्थ, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला.

सेमी-इंग्रजीच्या मुलांची अडचण आणखी वेगळी. त्यांना ‘ॲक्सिलरेशन’ची व्याख्या इंग्रजीत म्हणता येते, पण त्या वाक्याखाली विचार नसतो. त्यांना आधी मराठीत, त्यांच्या बोलीत, सांगायला लावा. "बाइक आधी हळू होती, मग झपकन पळाली, किती सेकंदांत किती वाढली ते," एवढं आलं की इंग्रजी वाक्य आपोआप जागेवर बसतं. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांचं उलटं असतं. कल्पना पक्की असते, शब्द अनोळखी. त्यांना पहिल्या दोन महिन्यांत भौतिकशास्त्र कमी आणि शब्दसंग्रह जास्त द्यावा लागतो. "तू कच्चा आहेस" असं त्यांना कुणी म्हणू नये.

अडतं कुठे, गणितात की भौतिकशास्त्रात?

सहा ओहम आणि तीन ओहमचे रोध समांतर जोडले, तर परिणामी रोध किती? मुलाचं उत्तर, "नऊ ओहम." भौतिकशास्त्र कच्चं? नाही. सूत्र बरोबर लिहिलंय. एक छेद सहा अधिक एक छेद तीन करताना त्याने छेदांची बेरीज करून एक छेद नऊ काढलं. ही गाठ सहावीतल्या अपूर्णांकांची आहे. दुसरं मूल बेरीज बरोबर करून ‘एक छेद दोन’ वर थांबतं आणि उलटं करून २ ओहम लिहायला विसरतं. दोघांनाही लाल काट सारखीच, पण औषध वेगळं. पहिल्याला दोन तास अपूर्णांक द्यायचे. दुसऱ्याला विचारायचं, "पाण्याच्या टाकीला आणखी एक नळ बसवला तर पाणी बाहेर पडणं सोपं होईल की अवघड?" समांतर जोडणीत एकूण रोध सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी असतो. उत्तर तीनपेक्षा लहान यायला हवं हे आकडेमोडीआधीच कळतं. अर्थात अर्धाही तीनपेक्षा लहानच. म्हणून दुसरा टेकू लागतो. तीन ओहमचे दोन रोध समांतर असते तर दीड आलं असतं. इथे जोडीदार सहाचा, म्हणजे उत्तर दीड आणि तीनच्या मधलं. अर्धा ओहम तिथे बसत नाही.

हाच उत्तर ताडून बघण्याचा संस्कार. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होत असेल, तर गाडी ४ सेकंदांत आणि ४० मीटरवर थांबते. वेग निम्मा केला, ताशी ३६, तर? मुलं म्हणतात २० मीटर. गणित म्हणतं १० मीटर. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. सूत्रातला वर्ग म्हणजे हे चौपट अंतर, आणि बाइक चालवायची वाट बघणाऱ्या मुलाला ते कायमचं लक्षात राहतं.

म्हणून उदाहरण सोडवताना क्रम असा ठेवा. आकृती, काय दिलंय ते एककांसह, अंदाज, सूत्र, आकडे आणि शेवटी ‘हे पटतंय का?’ हा प्रश्न. सूत्रावर थेट उडी मारणाऱ्या मुलाच्या वहीतून काही दिवस सूत्रांची यादीच काढून घ्या. कुरकुर होईल, होऊ द्या.

शिकवणी लावताना

निकालाचे फलक बघण्याआधी एक तास मागून घ्या आणि शक्य असेल तर कोपऱ्यात बसा. बोलतंय कोण, हे बघा. पाऊण तास शिकवणाराच बोलत असेल तर तो भाषणाचा वर्ग आहे. शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "मुलाचं उत्तर चुकलं तर तुम्ही काय करता?" ‘बरोबर उत्तर सांगतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. ‘त्याला कसं सुचलं ते विचारतो’ म्हणणारा भेटला तर त्याला सोडू नका.

गट असेल तर चार-पाच जणांचा. दोघांचा वाद लागला की तिसरा शिकतो. रोज दोन तासांपेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा तासभर बरा, मधल्या दिवसांत मुलाने एकट्याने झगडायला हवं. महागडा शिक्षकच हवा असंही नाही. अभियांत्रिकीला किंवा बीएस्सीला असलेली शेजारची ताई अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण आपण कुठे अडलो होतो हे तिला अजून आठवतं.

दोन नियमही माहीत असावेत. शाळेत नोकरीवर असलेल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने मनाई आहे. आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग सेंटरांनी १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये. सातवीपासून ‘फाउंडेशन’च्या नावाखाली बारावीची सूत्रं पाठ करून घेणाऱ्यांना हे विचारायला हरकत नाही.

शिकवणी कधी थांबवायची हेही आधीच ठरवा. सहा महिन्यांनी मूल स्वतःहून प्रश्न काढतंय का, चुकल्यावर खोडरबर शोधण्याआधी कारण शोधतंय का, धाकट्या भावंडाला समजावतंय का, हे बघा. तसं होत असेल तर तास कमी करा. शिकवणीशिवाय पान हलत नसेल, तर कितीही गुण पडोत, ती शिकवणी फसली.

आणि तुमच्यासाठी, मुलांनो

शिकवणीला जाताना ‘काही समजत नाही’ असं म्हणत जाऊ नका. धडा वाचा आणि जिथे वाक्य निसटलं तिथे पेन्सिलीने खूण करा. ‘पान अमुक, ओळ तमुक, इथपर्यंत पटलं, इथून पुढे नाही’ असं नेमकं सांगितलंत तर निम्मं काम झालं. समजलं नसताना मान डोलवू नका. समोरच्याला बरं वाटतं, नुकसान तुमचं होतं. आणि उत्तर बरोबर आलं तरी एकदा विचारा, "हे असंच का?"

फी भरण्याआधी

पालकांना शेवटची विनंती. शिकवणीची फी भरण्याआधी इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक सेल, विजेरीचा छोटा बल्ब आणि वीतभर वायर आणा. जेवणं झाल्यावर टेबलावर मुलासमोर ठेवा आणि "पेटव" म्हणून गप्प बसा. हात पुढे करू नका, गूगल करू देऊ नका. मूल काय काय करून बघतं, कुठे चिडतं, पेटल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, ते बघा. त्याला कोणती शिकवणी हवी, किंवा हवी आहे की नाही, हे तुम्हाला त्या अर्ध्या तासात कळेल.